हजेरीपटावरील असामी

गेल्या गणेशोत्सवात एका रात्री आमच्या वसाहतीजवळच्या मराठी मंडळात पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘असा मी असामी’ ह्या पुस्तकातील काही भागांचे वाचन झाले. श्रोते शंभराच्या आतबाहेर असतील. कोणी मंत्रालयात सहायक, कोणी लेखापरीक्षा खात्यात, कोणी रेल्वेत, कोणी निवृत्तीनंतर नोएडा किंवा गाझियाबादेस स्थायिक झालेले. वाचणाऱ्याने पहिली चार वाक्ये उच्चारताच सभागृहात जी खसखस पिकली, ती शेवटपर्यंत ओसरली नाही. आभार मानताना एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “धोंडो भिकाजी जोशी आपल्या प्रत्येकाच्या घरी राहतात.” टाळ्या झाल्या. त्यांत माझ्याही होत्या. किंबहुना इतरांपेक्षा मी जरा अधिकच मोठ्याने हसत होतो.

परंतु त्याच दिवशी दुपारी कचेरीत माझ्या हातून एक गोष्ट घडली होती, आणि घरी परतताना ते हसणे माझे मलाच बोचू लागले. ती हकीकत मी लेखाच्या अखेरीस सांगेन. ती नीट समजावयाची तर आधी ह्या धोंडो भिकाजींची वंशावळ पाहिली पाहिजे. आपल्या भाषेत चाकरमान्या, भिडस्त, चारचौघांसारखे वागून चारचौघांत गणला जाणारा असा हा नायक आला कोठून, आणि त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांनी त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण परमुलखात सरकारी अन्न खाणाऱ्या आपणां सर्वांना तो जवळचाही आहे.

प्रारंभ शब्दांपासून करू. ‘असामी’ हा शब्द आपल्याकडे दप्तरातून आला. तो मूळचा अरबी; ‘नाव’ ह्या अर्थाच्या ‘इस्म’ ह्या शब्दाच्या गोत्यातला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत असामी म्हणजे हजेरीपटावरील एक नाव, आणि त्या नावाशी जोडलेली जागा. माणूस आणि त्याची नेमणूक ह्या दोहोंस एकच शब्द पुरत असे. पुलंनी आपल्या शीर्षकात ‘असा मी’ आणि ‘असामी’ ह्यांचा जो श्लेष साधला आहे, त्याची गंमत कानाला लगेच कळते. परंतु शब्दाचा हा जुना अर्थ ध्यानी घेतला म्हणजे त्या श्लेषात थोडी कारुण्याची छटाही दिसू लागते. ‘मी कोण?’ ह्या प्रश्नाला येथे ‘यादीतले एक नाव’ असे उत्तर आहे.

‘कारकून’ हा शब्द फारसी. त्याचा अर्थ नुसता ‘काम करणारा’ एवढाच. आणि पेशवाईत ह्या नावात कसलाही कमीपणा नव्हता. फडणीस, चिटणीस, सबनीस ही सारी लेखणीची पदे. त्यांच्याच बळावर पुण्याचे हुजूर दप्तर चालत असे. दिल्लीतील मराठी चाकरमान्याची परंपराही तेव्हापासूनची आहे. अठराव्या शतकात हिंगणे घराण्यातील पुरुष पेशव्यांचे वकील म्हणून मोगल दरबारी राहत आणि येथील घडामोडींची पत्रे पुण्यास धाडीत. इतिहासाच्या अभ्यासकांस ‘हिंगणे दप्तर’ परिचित आहेच. परमुलखात राहून वरिष्ठांस जपून, तोलून, शब्द मोजून लिहिणे ही विद्या आपल्या लोकांना नवी नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली. धनी बदलला, परंतु लेखणी बहुतांशी त्याच घरांत राहिली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. मॅट्रिक, पदवी, आणि पदवीमागून नोकरी अशी एक सरळ वाट तयार झाली. ह्या वाटेवरून चालणाऱ्या वर्गास आपण ‘पांढरपेशा’ म्हणतो. आज हा शब्द स्वच्छ कपड्यांचा आणि मध्यम मिळकतीचा निदर्शक वाटतो. पण त्याचा एक जुना महसुली अर्थ होता. दक्षिण कोकणच्या काही भागांत पांढरपेशांकडून जमिनीचा धारा इतर कुळांपेक्षा कमी दराने घेत असत. म्हणजे ज्याने स्वतः नांगर धरावयाचा नाही, त्याला सरकारातच सूट! माझ्या घराण्यात लेखणीचा व्यवसाय माझ्यापासून सुरू झाला. वडील अजून कोरडवाहू शेती करतात. तेव्हा ‘पांढरपेशा’ हा शब्द वाचताना तो आपल्याला उद्देशून आहे की आपल्या आजोबांना वगळण्यासाठी आहे, असा संभ्रम मला कॉलेजात असताना नेहमी पडे. आता पडत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

ह्या वर्गाची पहिली मोठी थट्टा श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी केली. ‘सुदाम्याचे पोहे’ ह्या नावाने पुढे प्रसिद्धी पावलेले त्यांचे लेख १९०२ पासून ‘विविधज्ञानविस्तारा’त येऊ लागले. कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करीत. आपल्या महाराष्ट्रगीताचे कर्तेही तेच. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ह्या त्रयीच्या तोंडून त्यांनी जुन्या रूढींची अशी काही गंभीर तरफदारी केली की, वाचता वाचता त्या रूढीच हास्यास्पद व्हाव्यात. वकिलाने प्रतिपक्षाची बाजू मुद्दाम ताणून मांडावी आणि तिच्याच वजनाने ती मोडावी, तसा हा प्रकार. पण ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, कोल्हटकरांचा रोख रूढीवर आहे, नोकरीवर नाही. चारचौघांसारखे वागण्याचा धाक त्यांच्या काळी देवळातून, पंक्तीतून आणि पंचांगातून येत होता. कचेरीतून येणाऱ्या धाकाचे चित्र मराठीत अजून यावयाचे होते.

ते चिं. वि. जोशी ह्यांनी आणले, आणि महाराष्ट्राबाहेर राहून आणले, ही आपणां बृहन्महाराष्ट्रीयांस अभिमानाची गोष्ट आहे. जोशी जन्माने व शिक्षणाने पुण्याचे. त्यांचे आयुष्य मात्र बडोद्यास गेले. तेथे ते पाली भाषेचे प्राध्यापक होते, आणि पुढे त्यांनी संस्थानाच्या दप्तरातही काम केले. सयाजीराव गायकवाडांच्या त्या राज्यात मराठी अधिकारी आणि कारकून ह्यांची मोठी वस्ती होती. गुजराती मुलखात, मराठी घरात, इंग्रजी पद्धतीच्या कचेरीत त्यांचे दिवस जात. एका बाजूस बुद्धाच्या जातककथा आणि दुसऱ्या बाजूस हे कारकुनी जग, ह्यांच्यामध्ये बसून जोशी ह्यांनी चिमणरावांना जन्म दिला. ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ हे पुस्तक १९३३ साली निघाले.

साल महत्त्वाचे आहे. जगभर मंदी होती. १९३१ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारने आपल्या नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात केली होती. पदवीधर बेकार हिंडत होते, आणि ज्याला नोकरी आहे त्याचा सारा पुरुषार्थ ती टिकविण्यात एकवटला होता. अशा काळात किडकिडीत, भित्रे, भोळे चिमणराव वाचकांपुढे आले आणि आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगू लागले. पत्नी काऊ, मुले, आणि चिमणरावांच्या अंगी नसलेला सगळा दांडगेपणा ज्याच्या अंगी आहे असा गुंड्याभाऊ, हा त्यांचा प्रपंच. चारचौघांत जे जे नवे निघेल ते ते चिमणराव करून पाहतात. ते अंगलट येते, आणि पुन्हा पूर्वीच्या जागी येऊन ते पुढच्या नवलाईची वाट पाहतात. त्यांची लोकप्रियता इतकी की, १९४० साली ‘लग्न पहावे करून’ हा बोलपट त्यांच्यावरच निघाला, आणि पुढे १९७० नंतरच्या दशकात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ह्यांनी चिमणराव व गुंड्याभाऊ दूरदर्शनवर घरोघर नेले.

कोल्हटकरांपासून जोशी ह्यांच्यापर्यंत एक मोठे स्थित्यंतर झाले. कोल्हटकरांचा वाचक बंडूनानाला हसून त्याच्यापासून दूर होत असे. चिमणरावांना हसणारा वाचक त्यांच्या जवळ जात होता.

आता थोडा वेळ समुद्रापलीकडे जाऊ. चिमणरावांच्या अकरा वर्षे आधी, १९२२ साली, अमेरिकेत सिंक्लेअर लुईस ह्या कादंबरीकाराचे ‘बॅबिट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. झेनिथ नावाच्या एका काल्पनिक शहरात जॉर्ज बॅबिट हा गृहस्थ घरे व जमिनी विकण्याचा धंदा करतो. त्याचे घर चांगले, मोटार चांगली, मित्रमंडळ चांगले. आणि त्याची मते वर्तमानपत्राने, क्लबाने आणि पक्षाने त्याला आयती पुरविलेली. मधल्या वयात त्याला ह्या सुखाचा वीट येतो. तो बंड करू पाहतो. निराळ्या लोकांत मिसळतो, निराळी मते बोलून दाखवतो. शहर लगेच त्याच्याकडे पाठ फिरवू लागते. एकटेपणाच्या भीतीने बॅबिट पुन्हा कळपात परततो. आणि अखेरीस आपल्या मुलाने तरी मनाप्रमाणे जगावे, एवढेच मागणे त्याच्यापाशी उरते. लुईसला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळविणारा तो पहिला अमेरिकन साहित्यिक. ‘बॅबिट’ हे नाव तर इंग्रजी कोशात सामान्यनाम होऊन बसले.

ही कादंबरी वाचून मनात सहज प्रश्न येतो, मराठीत असा बॅबिट का झाला नाही? एक उत्तर उघड आहे. बॅबिट व्यापारी आहे. त्याला पुढे जावयाचे आहे, आणि पुढे जाण्यासाठी तो इतरांसारखा वागतो. आपला नायक नोकर आहे; त्याला आहे तेथून खाली पडावयाचे नाही. बॅबिटचे यश विक्रीत मोजतात, आमचे कायमपणात, वार्षिक वाढीत आणि निवृत्तिवेतनात. परंतु ह्याहून खोलवरचा फरक सांगण्याच्या पद्धतीत आहे. बॅबिटची कथा लुईस सांगतो. हातात छडी घेऊन, बाहेर उभा राहून. मराठीत छडी कोणाच्याच हातात नाही. चिमणराव आपली कथा स्वतः सांगतात. धोंडो भिकाजीही स्वतःच सांगतात. आपण कसे आहोत हे बॅबिटला नीटसे ठाऊक नाही. आमच्या नायकाला ते पुरेपूर ठाऊक आहे, आणि तो ते खुलवून सांगतो.

‘असा मी असामी’ १९६४ साली प्रसिद्ध झाले. रूपाने ते एका काल्पनिक कारकुनाचे आत्मचरित्र आहे. गिरगावातील चाळ, बेन्सन जॉन्सन कंपनीतील नोकरी, लग्न, मुले, आणि स्वातंत्र्यानंतर झपाट्याने पालटणारा काळ. ह्या पालटासरशी पोशाखापासून पाहुणचारापर्यंत आणि देवधर्मापासून अभिरुचीपर्यंत घरातील एकेक गोष्ट बदलत जाते. ध्यान देऊन वाचले तर असे दिसते की, ह्यांपैकी जवळजवळ कोणताच बदल धोंडो भिकाजींनी ठरविलेला नाही. कधी पत्नीचा आग्रह, कधी कचेरीची रीत, कधी मुलांची हौस, कधी नानू सरंजाम्यासारखा नव्या अभिरुचीचा पुरस्कर्ता. ते नाही म्हणत नाहीत. मनात आश्चर्य करतात, थोडे कुरकुरतात, आणि जातात.

गुरुदेवांच्या बैठकीचा प्रसंग मला ह्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. भोवतालची मंडळी भाविकपणे माना डोलावीत आहेत, गहन शब्द उच्चारले जात आहेत, आणि आपल्या नायकाला त्यांतले काहीच उमगत नाही. तरीही ते उठून जात नाहीत. आपण पोट धरून हसतो. परंतु त्या बैठकीतील इतर किती जणांना खरोखर काही उमगले असेल, हा प्रश्न हसण्याच्या ओघात राहून जातो. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहून मान डोलावत असेल, तर ती बैठक आपल्या सर्वांच्याच परिचयाची आहे. आपण तिला मीटिंग म्हणतो.

पुलंचा मोठेपणा असा की, त्यांनी ह्या माणसाचा कोठेही तिरस्कार केला नाही. त्यांनी स्वतः आकाशवाणीत नोकरी केली होती. १९५९ साली दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रारंभ झाला, त्या पहिल्या दिवसांत तेही तिच्याशी निगडित होते. सरकारी जग त्यांनी आतून पाहिले होते. म्हणून धोंडो भिकाजींच्या प्रत्येक शरणागतीमागची घरगुती, समजण्याजोगी कारणे त्यांना दिसतात. पण येथेच एक शंका येते, आणि ती मी भीतभीतच मांडतो. आपले दोष आपणच हसत सांगणाऱ्या माणसाला दुसरे कोणी काय सांगणार? बॅबिटला निदान एकदा बंड करावेसे वाटले. धोंडो भिकाजींना ती गरजच भासत नाही, कारण त्यांचे सारे बंड विनोदात खर्ची पडते. दिवसभर मान डोलवावी आणि रात्री त्या मान डोलावण्याची नक्कल करावी. दोन्ही गोष्टी सुखाने नांदतात. आपण त्यांच्यावर इतके प्रेम करतो ते, ते आपल्यासारखे आहेत म्हणून खरेच. पण ते आपल्याला क्षमा करतात म्हणूनही असावे.

हे केवळ पुस्तकाविषयी झाले. खरा कारकून पुस्तकातल्याइतका निमूट होता काय? इतिहास तसे सांगत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरगावातील नोकरदार घरे गिरणगावातील कामगारांच्या बरोबरीने रस्त्यावर आली होती. आणि त्याच १९६० साली, दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशींवर असंतुष्ट होऊन, केंद्र सरकारच्या नोकरांनी ११ जुलैच्या मध्यरात्रीपासून देशव्यापी संप पुकारला. टपाल, तार, रेल्वे आणि कचेऱ्या ह्यांतील लक्षावधी माणसे त्यात होती. सरकारने वटहुकूम काढून संप बेकायदा ठरविला. पाच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. अनेकांना तुरुंग आणि निलंबन पत्करावे लागले. महागाई आणि किमान वेतन ह्यांसाठी आपली कायम नोकरी पणास लावणारी ही माणसे धोंडो भिकाजींच्या शेजारच्याच खोल्यांत राहत होती. आपल्या गणेशोत्सवात त्यांचे वाचन होत नाही, कारण ती कोणी तशी लिहिलीच नाहीत.

आणखी एक गोष्ट. ‘असा मी असामी’च्या आधीचे वर्ष, म्हणजे १९६३, मराठी वाङ्मयात विलक्षण ठरले. त्या वर्षी चिं. वि. जोशी निवर्तले. त्याच वर्षी पंचविशीतील भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा कथासंग्रह निघाला. ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून पुण्यास शिकावयास येतो, आणि पदवी न घेता परत जातो. मॅट्रिक, पदवी, नोकरी ह्या शंभर वर्षांच्या सरळ वाटेवरून एक मुलगा मधूनच उतरला. धोंडो भिकाजी जी वाट निमूटपणे चालले, तिला पांडुरंगाने नकार दिला.

बागुलांच्या शीर्षककथेतील तरुण मात्र ह्या दोघांहून निराळा. त्याला ती वाट हवी आहे. त्याच्या आधीच्या पिढ्यांना तिच्यावर पाऊलच ठेवू दिलेले नव्हते. तो रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो. आपल्याच शब्दांत सांगावयाचे तर, बाहेर नेमणूक झालेला केंद्र सरकारचा नोकर. तेथे डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून त्याला आपली जात लपवावी लागते, आणि ती उघड होते तेव्हा त्याला मार खावा लागतो. चारचौघांसारखे दिसणे ही धोंडो भिकाजींची सवय आहे. ह्या तरुणाला त्याची किंमत रक्ताने मोजावी लागली. ही पुस्तके मी एकापाठोपाठ वाचली तेव्हा माझ्या ध्यानी आले की, चारचौघांसारखे होण्यावर हसण्याची चैन करण्यासाठी आधी त्या चारचौघांत जागा असावी लागते.

माझ्या आजोबांना ती जागा नव्हती. मला मिळाली आहे. कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा देऊन मी दिल्लीस आलो, तेव्हा गावी पेढे वाटले होते. येथे आल्यावर मी जे पाहिले त्याने ‘पांढरपेशा’ ह्या शब्दाविषयीचा माझा संभ्रम फिटला. माझ्या विभागात निरनिराळ्या प्रांतांचे, जातींचे, धर्मांचे लोक आहेत. आम्हां सर्वांच्या आजोबांनी एकमेकांच्या पंक्तीला बसणे कठीण होते. पण खुर्चीवर बसून सहा महिने झाले की आम्ही सर्वजण एकाच तऱ्हेने टिपणी लिहितो, एकाच तऱ्हेने हसतो आणि एकाच तऱ्हेने गप्प बसतो. धोंडो भिकाजी हे कोणा एका जातीचे वा घराण्याचे नव्हेत. ते खुर्चीबरोबर हस्तांतरित होतात.

बाहेरचे जग मात्र बदलले आहे. गोल मार्केटच्या आसपासच्या बैठ्या क्वार्टरांत ज्यांनी संसार केले, ती पिढी गेली. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर अशा सात जुन्या वसाहतींच्या पुनर्विकासास २०१६ साली मंजुरी मिळाली, आणि जेथे मराठी घरांतून दिवाळीचे कंदील दिसत तेथे उंच इमारती उठल्या. ज्या निवृत्तिवेतनासाठी चिमणरावांपासूनची माणसे मान खाली घालून बसली, त्याचीही जुनी हमी १ जानेवारी २००४ पासून भरती झालेल्यांना राहिली नाही. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत योजनेचा पर्याय आला. ज्याच्या बदल्यात आपण गप्प बसत होतो, तो मोबदलाच पातळ झाला. गप्प बसण्याची सवय तेवढी जुन्या दराने चालू आहे.

आता ती राहिलेली हकीकत. गणेशोत्सवातील त्या दिवशी माझ्यापुढे एका दिवंगत शिपायाच्या पत्नीच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाचे प्रकरण होते. सेवापुस्तकात तिचे नाव एका प्रकारे लिहिलेले, ओळखपत्रावर दुसऱ्या प्रकारे. अशाच एका पूर्वीच्या प्रकरणात प्रतिज्ञापत्रावर काम झाले होते. तो दाखला देऊन, येथेही तसेच करावे, अशी टिपणी मी संगणकावर लिहिली. आमच्या आजच्या फायलीत टिपणी आधी पिवळ्या पानावर असते. तोवर ती खोडता येते. पक्की केली की पान हिरवे होते, आणि मग ती कोणालाच पुसता येत नाही. मी पिवळे पान वरिष्ठांना दाखविले. ते सज्जन गृहस्थ आहेत. म्हणाले, “कशाला जोखीम घेता? नेहमीची सगळी कागदपत्रे नव्याने मागवा. तुमचे बढतीचे वर्ष आहे.” मी परत जागेवर आलो, टिपणी पुसली, आणि ‘प्रचलित पद्धतीनुसार कागदपत्रे मागवावीत’ असे लिहिले. पान हिरवे झाले. त्या बाईंना पैसे मिळाले, पण मध्ये सात महिने गेले. त्या सात महिन्यांत त्या तीनदा कचेरीत आल्या. प्रत्येक वेळी त्यांनी मला नमस्कार केला.

आणि त्याच रात्री मी गुरुदेवांच्या बैठकीला पोट धरून हसलो होतो.

ह्यावरून पुलंचे पुस्तक वाचू नये असा निष्कर्ष कोणी काढू नये. मी ते पुन्हा वाचले, आणि पुन्हा हसलो. पण ह्या वेळी ते लिहिणाराही आठवला. धोंडो भिकाजींना इतके माफ करणारा हा लेखक १९७७ च्या निवडणुकीत आणीबाणीच्या विरोधात जाहीर सभांतून उभा राहून बोलला होता. आपले पात्र कोठे बसून राहते आणि आपण केव्हा उठावयाचे, ह्या दोन गोष्टींची गल्लत त्याने होऊ दिली नाही. ती आपण वाचकांनी केली. आरशात पाहून झाले की तोंड धुतलेच, असे आपण धरून चालतो.

ह्या वर्षाच्या प्रारंभी तशाच स्वरूपाचे दुसरे एक प्रकरण माझ्याकडे आले. ह्या वेळी मी पिवळे पान कोणास दाखविले नाही. पूर्वीचा दाखला जोडला, माझे मत लिहिले आणि पान हिरवे केले. फाईल वर गेली आणि ‘चर्चा करावी’ एवढा शेरा घेऊन परत आली. चर्चा झाली. माझे म्हणणे मान्य झाले नाही. बढतीचे काय होईल हे यथाकाळ कळेल. पण ती टिपणी माझ्या नावासह फायलीत आहे, आणि पुढे अशाच प्रकरणात कोणाला दाखला शोधावयाचा झाला तर तो तेथे सापडेल.